नेटवर्क स्विचची मांडणी आणि तिचे जतन : नागाव परिसरातील अनुभवाच्या आधारे एक विवेचन

गोषवारा

महाविद्यालयातील संगणक परस्परांशी व इंटरनेटशी ज्या स्विचच्या द्वारे जोडलेले असतात, त्या स्विचची नोंद जडसंग्रह नोंदवहीत आढळते. मात्र त्या स्विचमध्ये भरलेल्या सेटिंगची नोंद बहुधा कोठेच नसते. प्रस्तुत लेखात व्यवस्थापनक्षम स्विचची प्राथमिक मांडणी, तिचा बॅकअप घेण्याच्या पद्धती आणि तो बॅकअप खरोखर उपयोगी पडतो किंवा नाही हे पडताळून पाहण्याची रीत यांचे विवेचन केले आहे. २०२० सालच्या निसर्ग चक्रीवादळानंतर नागाव परिसरात आलेला अनुभव या विवेचनास आधारभूत आहे. संगणकशास्त्राशी थेट संबंध नसलेल्या प्राध्यापकांनाही विषय समजावा, हा लेखामागील हेतू आहे.

बीजशब्द : नेटवर्क स्विच, व्हीलॅन, कॉन्फिगरेशन, बॅकअप, पुनर्स्थापना, निसर्ग चक्रीवादळ.

१. प्रस्तावना

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेले नागाव हे गाव समुद्रकिनाऱ्यासाठी सर्वपरिचित आहे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावांत वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित राहिला. कोविड-१९ च्या साथीमुळे त्या वेळी शैक्षणिक संस्था बंदच होत्या. त्यामुळे संस्थांच्या आतील उपकरणांचे काय झाले, याकडे तत्काळ कोणाचे लक्ष गेले नाही.

बारावीचा निकाल १६ जुलै २०२० रोजी जाहीर झाला. त्यानंतर प्रवेशाच्या कामासाठी या परिसरातील एका शैक्षणिक संस्थेचे कार्यालय उघडण्यात आले. तेथील प्रयोगशाळेची जबाबदारी त्या वेळी प्रस्तुत लेखकाकडे होती. संस्थेत दोन मुख्य स्विच होते. त्यांपैकी एक पूर्णतः निकामी झाला होता. दुसरा सुरू झाला, त्याचे दिवे लागले. परंतु ग्रंथालयातील एकाही संगणकास जोडणी मिळेना. पहिल्या स्विचच्या सेटिंगची प्रत कोणापाशीही नव्हती. ती सेटिंग ज्या तंत्रज्ञाने केली होती, तो केव्हाच अन्यत्र गेला होता. नवीन स्विच उपलब्ध झाल्यावर भिंतीतून जाणारी एकेक केबल हाताने माग काढून तपासावी लागली व पूर्वीची मांडणी अंदाजाने उभी करावी लागली. या कामास तीन दिवस लागले. त्या अवधीत विद्यार्थ्यांचे अर्ज कर्मचाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवरील इंटरनेटच्या आधारे भरले जात होते आणि पालक अंतर राखून आवारात ताटकळत उभे होते.

वादळ टाळणे कोणाच्याही हाती नव्हते. मात्र ते तीन दिवस निश्चितपणे टाळता आले असते. ते कसे, याचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

२. स्विचचे कार्य

स्विचच्या आधी संगणक जोडण्यासाठी हब हे उपकरण वापरले जाई. हबमध्ये एका पोर्टवर आलेला संदेश अन्य सर्व पोर्टवर जसाच्या तसा पाठविला जातो. वर्गात एका विद्यार्थ्यासाठी असलेला निरोप सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा, तसाच हा प्रकार होय. स्विच मात्र कोणत्या पोर्टवर कोणते यंत्र आहे हे लक्षात ठेवतो. प्रत्येक नेटवर्क कार्डास ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. आलेल्या संदेशातील प्रेषकाचा मॅक पत्ता पाहून स्विच आपला तक्ता आपणच तयार करतो व पुढील संदेश नेमक्या पोर्टवर पाठवितो. इथरनेटचा पहिला व्यापारी स्विच १९९० साली कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ या कंपनीने बाजारात आणला. १९९४ साली ही कंपनी सिस्कोने विकत घेतली.

स्विचचे दोन प्रकार ध्यानात घेणे आवश्यक आहे. साध्या स्विचला सेटिंग नसते. तो केबल जोडताच काम करू लागतो आणि बिघडल्यास त्याच्या जागी दुसरा ठेवला की काम भागते. व्यवस्थापनक्षम स्विचला मात्र आज्ञा द्याव्या लागतात. प्रस्तुत लेखातील विवेचन या दुसऱ्या प्रकारास लागू आहे.

व्यवस्थापनक्षम स्विचची आवश्यकता मुख्यतः व्हीलॅनमुळे भासते. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर निर्माण केलेली, परस्परांपासून विभक्त अशी आभासी जाळी. कार्यालयातील लेखा विभागाचे संगणक आणि विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील संगणक एकाच स्विचला जोडलेले असले, तरी त्यांची वाहतूक वेगळी ठेवता येते. ‘आयईईई ८०२.१क्यू’ हे यासंबंधीचे मानक १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार संदेशास चार बाइटची एक खूणचिठ्ठी जोडली जाते व तीत व्हीलॅनचा क्रमांक असतो. हा क्रमांक १२ बिटांचा असल्याने १ ते ४०९४ पर्यंतचे क्रमांक वापरता येतात.

३. प्राथमिक मांडणीचे टप्पे

पुढील टप्पे २४ पोर्टच्या स्विचसाठी सांगितले आहेत. आज्ञांची नावे सिस्को पद्धतीची असून येथे देवनागरीत दिली आहेत. अन्य कंपन्यांच्या स्विचवर आज्ञा भिन्न असल्या, तरी कामाचा क्रम बहुतांशी हाच राहतो.

अ) नवीन स्विचला आयपी पत्ता नसतो. त्यामुळे प्रथम कन्सोल केबलने लॅपटॉप जोडावा. आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसल्याने यूएसबी रूपांतरक लागतो. टर्मिनल प्रणालीत वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही व स्टॉप बिट १ असे मूल्य ठेवावे.

आ) स्विचला अर्थपूर्ण नाव द्यावे. ‘स्विच’ या मूळ नावाचे तीन स्विच असतील, तर कोणत्या स्विचवर आपण आज्ञा देत आहोत याविषयी घोटाळा होतो. ‘ग्रंथालय-तळमजला’ यासारख्या अर्थाचे नाव असावे.

इ) पासवर्ड घालावा. दूरस्थ प्रवेशासाठी टेलनेट बंद करून एसएसएच सुरू करावे, कारण टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या स्वरूपात वाहून नेला जातो.

ई) व्यवस्थापनासाठी स्वतंत्र व्हीलॅन, आयपी पत्ता व डिफॉल्ट गेटवे द्यावा.

उ) व्हीलॅन तयार करून त्यांना नावे द्यावीत. उदाहरणार्थ, कार्यालय १०, प्रयोगशाळा २०, ग्रंथालय ३०, व्यवस्थापन ९९. त्यानंतर पोर्ट वाटून द्यावेत. १ ते ८ कार्यालयास, ९ ते १८ प्रयोगशाळेस, १९ ते २२ ग्रंथालयास अशी वाटणी करता येईल. उरलेले दोन पोर्ट अन्य स्विचकडे व राउटरकडे जाणारे ट्रंक म्हणून ठेवावेत. ट्रंकवरून सर्व व्हीलॅनची वाहतूक खूणचिठ्ठीसह जाते.

ऊ) प्रत्येक पोर्टला वर्णन लिहावे. ‘खोली १२, खिडकीजवळील खोका’ एवढ्या नोंदीनेही पुढे तासन् तास वाचतात.

ए) स्पॅनिंग ट्री सुरू असल्याची खात्री करावी. एखाद्याने अनवधानाने एका केबलची दोन्ही टोके त्याच जाळ्यात खोचली, तर संदेश अखंड फिरत राहतात व संपूर्ण जाळे ठप्प होते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली मांडलेली स्पॅनिंग ट्री ही रीत अशी वर्तुळे शोधून तोडते.

४. फळा आणि वही

वरील सर्व आज्ञा दिल्यावर जाळे सुरळीत चालू लागते आणि काम पूर्ण झाले, असे समजून तंत्रज्ञ निघून जातो. नेमकी येथेच पहिली चूक संभवते.

स्विचमध्ये कॉन्फिगरेशन दोन ठिकाणी असते. सध्या अमलात असलेले कॉन्फिगरेशन कार्यकारी स्मृतीत असते. त्यास ‘रनिंग-कॉन्फिग’ म्हणतात. वीज जाताच ही स्मृती कोरी होते. दुसरे ‘स्टार्टअप-कॉन्फिग’ होय. ते वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत असते व स्विच सुरू होताना तेच वाचले जाते. प्राध्यापकांच्या परिचयाचे उदाहरण द्यावयाचे, तर पहिला फळा आहे व दुसरी वही. फळ्यावर कितीही सुबक मांडणी केली, तरी तास संपल्यावर ती पुसली जाते. टिकावयाचे असेल ते वहीत उतरवून घ्यावे लागते. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा वहीत उतरविण्याचे हे काम करते.

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या दुसऱ्या स्विचचे नेमके हेच झाले होते. ग्रंथालयासाठी वेगळा व्हीलॅन वादळापूर्वी काही महिने करण्यात आला होता, पोर्ट त्यात घातले होते आणि सर्व काही व्यवस्थित चालत होते. ही मांडणी मात्र वहीत उतरविली गेली नव्हती. यूपीएसमुळे लहानसहान खंड निभावले गेल्याने ही त्रुटी कधी उघड झाली नाही. वादळानंतर यूपीएसची क्षमता संपली, स्विच बंद पडला आणि वीज आल्यावर तो जुन्या मांडणीसह जागा झाला. तात्पर्य, जाळे सुरळीत चालणे हा मांडणी जतन झाल्याचा पुरावा ठरत नाही.

५. वहीची दुसरी प्रत

स्टार्टअप-कॉन्फिग वीज गेल्यावर टिकते. परंतु स्विच जळाल्यास तेही त्याच्यासोबत नष्ट होते. म्हणून स्विचच्या बाहेर ठेवलेली प्रत, हाच खऱ्या अर्थाने बॅकअप होय. प्रत घेण्याच्या तीन पद्धती महाविद्यालयांस सहज शक्य आहेत.

पहिली पद्धत टीएफटीपीची आहे. प्रयोगशाळेतील एका संगणकावर टीएफटीपी सर्व्हर चालवून ‘कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग टीएफटीपी’ या आज्ञेने फाइल त्यावर पाठविता येते. हा प्रोटोकॉल अत्यंत सोपा असून यूडीपीच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. मात्र त्यात वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड विचारला जात नाही आणि मजकूर उघडाच जातो. म्हणून त्याचा वापर बंदिस्त जाळ्यातच करावा व काम झाल्यावर सर्व्हर बंद करावा.

दुसरी पद्धत एससीपीची आहे. तीत एसएसएचच्या साहाय्याने मजकूर सांकेतिक स्वरूपात जातो. सुविधा उपलब्ध असल्यास हीच पद्धत स्वीकारावी. अनेक स्विच असलेल्या संस्थांसाठी रॅन्सिड व ऑक्सिडाइज्ड यांसारख्या मुक्त प्रणाली उपलब्ध आहेत. त्या ठरावीक वेळी प्रत्येक स्विचचे कॉन्फिगरेशन आणतात आणि मागील प्रतीशी ताडून कोणता बदल झाला हे दाखवितात.

तिसरी पद्धत सर्वांत साधी आहे. टर्मिनल प्रणालीत नोंद सुरू करून ‘शो रनिंग-कॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी व पडद्यावर आलेला संपूर्ण मजकूर फाइलमध्ये साठवावा. सर्व्हरची गरज नाही आणि कन्सोल केबलवरही हे करता येते. २४ पोर्टच्या स्विचचे कॉन्फिगरेशन म्हणजे काही किलोबाइटचा साधा मजकूर असतो. तो कागदावर छापला तरी मोजकीच पाने होतात.

फाइलच्या नावात स्विचचे नाव व दिनांक असावा. स्विचचे मॉडेल आणि त्यातील संगणकप्रणालीची आवृत्ती यांचीही नोंद सोबत ठेवावी. गोपनीयतेसंबंधी एक सूचना येथे आवश्यक वाटते. या फाइलमध्ये पासवर्ड असतात. सिस्कोच्या ‘टाइप ७’ प्रकारातील पासवर्ड अगम्य दिसले, तरी ते सहज उलगडता येतात. सबब अशी फाइल सामायिक ई-मेलवर किंवा व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. छापील प्रत प्रश्नपत्रिकांप्रमाणे मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात ठेवता येईल.

६. पुनर्स्थापनेची चाचणी

उपरोक्त अनुभवानंतर सदर संस्थेत बॅकअप नियमितपणे घेतला जाऊ लागला. काही महिन्यांनी प्रस्तुत लेखकाने एका जुन्या, वापरात नसलेल्या स्विचवर तो परत घालून पाहिला. फाइल स्टार्टअप-कॉन्फिग म्हणून ठेवली, स्विच पुन्हा सुरू केला आणि नाव, पासवर्ड, पोर्टची वर्णने असे सर्व जसेच्या तसे अवतरले. असे असूनही संगणक परस्परांशी जोडले जाईनात. बॅकअप होता, तथापि तो अपुरा होता.

याचे कारण पुढीलप्रमाणे आहे. कॅटॅलिस्ट मालिकेतील स्विच व्हीटीपीच्या मूळ ‘सर्व्हर’ अवस्थेत असताना व्हीलॅनची यादी कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये येत नाही. ती फ्लॅश स्मृतीतील ‘व्हीलॅन डॉट डॅट’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. कोणता पोर्ट ३० क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये आहे हे कॉन्फिगरेशन सांगते. पण ३० क्रमांकाचा व्हीलॅनच नव्या स्विचवर अस्तित्वात नसतो. परिणामी ते पोर्ट निष्क्रिय राहतात. यावर दोन उपाय आहेत. एक तर ती फाइलही सोबत घ्यावी किंवा व्हीटीपी ‘ट्रान्सपरंट’ अवस्थेत ठेवावे. त्या अवस्थेत व्हीलॅनची माहिती कॉन्फिगरेशनमध्येही लिहिली जाते.

चाचणी करताना आणखी दोन बाबी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, बॅकअपची फाइल थेट रनिंग-कॉन्फिगमध्ये आणल्यास जुनी मांडणी पुसली जात नाही, नवी तीत मिसळली जाते. स्वच्छ पुनर्स्थापनेसाठी फाइल स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये ठेवून स्विच पुन्हा सुरू करावा. दुसरी बाब अशी की, बदली स्विच वेगळ्या मॉडेलचा असल्यास पोर्टची नावे जुळत नाहीत. जुन्या स्विचवर ‘फास्टइथरनेट’ असलेला पोर्ट नव्यावर ‘गिगाबिटइथरनेट’ असतो. कंपनीच वेगळी असेल, तर फाइल घालणेच शक्य होत नाही. अशा वेळी पोर्ट क्रमांक, खोली, व्हीलॅन व आयपी पत्ता अशा चार रकान्यांचा साध्या मराठीतील तक्ता अधिक उपयोगी ठरतो. तो कोणत्याही स्विचला लागू पडतो आणि कोणालाही वाचता येतो.

७. किनारपट्टीचा विचार

किनाऱ्यावरील संस्थांना काही अडचणी विशेषत्वाने भेडसावतात. खाऱ्या व दमट हवेमुळे धातूच्या संपर्कपट्ट्यांचे क्षरण होते. पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस होणाऱ्या विजांच्या कडकडाटात दोन इमारतींमधील तांब्याच्या केबलवाटे विद्युतदाबाचा धक्का स्विचपर्यंत पोहोचू शकतो. यासाठी इमारतींदरम्यान ऑप्टिकल फायबर वापरावे. काच वीजवाहक नसल्याने हा मार्ग बंद होतो. शिवाय तांब्याच्या केबलला असलेली १०० मीटरची मर्यादाही आड येत नाही. योग्य अर्थिंग व बंदिस्त कपाट या तर किमान गरजा होत. प्रत कोठे ठेवावी, हा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. स्विचच्याच खोलीतील संगणकावर ठेवलेली प्रत छप्पर उडाल्यास स्विचसोबतच भिजेल. किमान एक प्रत दुसऱ्या इमारतीत व एक गावाबाहेर असावी.

स्थलांतरापूर्वी नव्या व्यवस्थेची कसोटी घेण्याचा एक उत्तम आदर्श अलिबागमध्येच आहे. मुंबईत कोलाबा येथे १८४० च्या दशकापासून भूचुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यामुळे नोंदींत व्यत्यय येणार, हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ साली तेथे नोंदी सुरू झाल्या. पण कोलाबा येथील काम लगेच थांबविण्यात आले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या परस्परांशी ताडून पाहण्यात आल्या. त्यामुळे ही नोंदमालिका अखंड राहिली. जुने हाताशी असतानाच नवे पडताळून पाहावे, हे तत्त्व स्विचच्या मांडणीसही तंतोतंत लागू पडते.

८. नोंदवहीत एक पान

महाविद्यालयात खुर्चीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत प्रत्येक वस्तूची जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजेच आपण ज्यास डेड स्टॉक रजिस्टर म्हणतो त्यात, नोंद होते. वर्षअखेरीस प्रत्यक्ष पडताळणीही होते. स्विच त्यात असतो, त्याची किंमत असते. मात्र तो तीन दिवस बंद पडल्यावर जे गमावले जाते, ते किमतीच्या रकान्यात दिसत नाही. म्हणून पुढील व्यवस्था सुचवावीशी वाटते.

अ) प्रत्येक व्यवस्थापनक्षम स्विचसाठी नोंदवहीत एक पान असावे. त्यावर वर सांगितलेला चार रकान्यांचा तक्ता, शेवटच्या बदलाचा दिनांक, बदल करणाऱ्याचे नाव व बॅकअपचे ठिकाण लिहावे.

आ) बाहेरील तंत्रज्ञाने काम केल्यास कॉन्फिगरेशनची फाइल हाती आल्याखेरीज देयक मंजूर करू नये.

इ) प्रत्येक बदलानंतर त्याच दिवशी मांडणी स्विचमध्ये जतन करावी व बाहेरही प्रत घ्यावी.

ई) वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी, पुनर्स्थापनेची चाचणी घ्यावी आणि तिचा निष्कर्ष जडसंग्रहाच्या पडताळणीबरोबर नोंदवावा.

उ) स्विचचा पासवर्ड व बॅकअपचे ठिकाण किमान दोन व्यक्तींना ज्ञात असावे.

यांपैकी एकाही गोष्टीस वेगळे अनुदान लागत नाही. आवश्यकता आहे ती सवयीची.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून स्विचच्या मांडणीचे तीन वेगवेगळे धोके स्पष्ट होतात. मांडणी स्विचमध्येच जतन न होणे, तिची प्रत स्विचच्या बाहेर नसणे आणि ती प्रत कधी पडताळून न पाहणे, हे ते तीन धोके होत. प्रस्तुत लेखकास या तिन्हींचा अनुभव एकाच संस्थेत आला आणि प्रत्येक वेळी ‘सर्व ठीक चालले आहे’ हाच समज त्यास कारणीभूत होता.

निसर्ग वादळात नागाव परिसरात जी पोफळीची झाडे पडली, त्यांच्या जागी लावलेल्या रोपांना फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. बागायतदाराला ती वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. स्विचची मांडणी मात्र योग्य प्रत हाती असल्यास अर्ध्या तासात पूर्ववत होऊ शकते. ज्या हानीची भरपाई इतकी सोपी आहे, तिच्यापायी विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या दिवसांत खोळंबून राहावे लागू नये, एवढी दक्षता प्रत्येक महाविद्यालयाने घेणे उचित ठरेल.